देवनागरी अक्षरं अंगाने काढायची आहेत, पण नुसती कवायत नको

प्रश्न (पेठेतली नृत्यशिक्षिका)

कोल्हापूरला शिवाजी पेठेत माझा नृत्यवर्ग आहे. ८ ते १२ वयाची मुलं. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, त्यांच्याकडून वर्णमाला नाचवून घ्यायची आहे.

हे डोक्यात आलं मिल्चा मायेरोव्हामुळे (१९०१–१९७७). प्रागची नर्तकी, हॅम्बुर्गला नृत्यगुरू रुडॉल्फ लाबानकडे शिकलेली. १९२६ मध्ये तिने कवी नेझ्वालच्या वर्णमालेच्या कविता रंगमंचावर नाचून दाखवल्या. त्याच वर्षी ‘आबेत्सेदा’ हे पुस्तक निघालं. त्यात नेझ्वालच्या ओळी, कारेल पास्पाने काढलेले तिचे फोटो आणि कारेल तायगेची मांडणी. फोटोंत तिच्या अंगात खेळाडूसारखी आखूड चड्डी, डोक्याला घट्ट टोपी.

कॉलेजात आम्हाला हे पुस्तक अक्षररचनेच्या तासाला दाखवलं होतं. तायगेचं नाव मी वहीत लिहिलं. नाचणारीचं कुणी सांगितलंच नाही. कितीतरी वर्षं मी तिला फोटोपुरती उभी राहिलेली मुलगी समजत होते. पुस्तकावर नृत्यरचना तिच्या नावाने छापलीय, हे कळल्यावर फार वाईट वाटलं.

आता अडचण. रोमन ए दोन पायांवर उभा राहतो. आपल्या ‘ग’ला दोन माणसं लागतात, वर शिरोरेषा. काय करू?

उत्तर १

ताई, शिरोरेषेला मर्दानी खेळातली लाठी घ्या की. दोघांनी दोन टोकं डोक्यावर धरायची. तालमीत सहज मिळेल.

उत्तर २ (मोडी शिकवतो)

मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढतात, मग तिच्याखाली अक्षरं, शक्यतो लेखणी न उचलता. तुम्हीही आधी दोरी ताणा. एका अक्षरातून दुसऱ्यात मुलं कशी जातात, त्यातच नाच आहे. थांबलेलं अक्षर म्हणजे फोटो.

प्रश्नकर्ती

सर, हेच हवं होतं! पुस्तकात एका अक्षराला एक फोटो, म्हणून आपण मायेरोव्हाला थिजलेली बघतो. रंगमंचावर कविता म्हटली जात होती आणि ती हलत होती. शिवाय प्रत्येक वेळी तिने अक्षराचा आकारच धरला असंही नाही. कुठे कवितेतल्या प्रतिमेवर गेलीय. नेझ्वालला ए म्हणजे साधी झोपडी दिसली. म्हणून मुलांना आता आधी विचारते, अक्षरात काय दिसतं?

रविवारी दोरी बांधून केलं. ‘ग’ दोघींनी केला, मधली फट राखताना सारख्या हसत होत्या. ‘ळ’ला कुणी पुढे येईना. मग सगळ्यात धाकटी म्हणाली, हा रंकाळ्यातला भोवरा. दोरीला एका हाताने लोंबकळून दोनदा गरकन फिरली आणि दोरी न सोडता तशीच पुढच्या ‘क्ष’च्या मुलाच्या अंगावर गेली. तेवढं मी तसंच ठेवणार आहे.

उत्तर १

लाठी ऱ्हायली मग. बघायला येतो. कार्यक्रमपत्रिकेवर त्या बाईंचं नाव घाला.

प्रश्नकर्ती

पहिल्या ओळीत घातलंय.