चाक मागे घ्या!

जुन्या मारुती ८०० ची तीनचाकी करायची, तर पुढे रिक्षासारखं एकच चाक बसवावं असं इथे एकाने सुचवलंय. नका हो! या गाडीचं ७९६ सीसीचं इंजिन, गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट, स्टिअरिंग रॅक, सगळं पुढेच आहे. तेच काढलंत तर गाडीत उरलं काय? पुढचा भाग जसाच्या तसा ठेवा, मागे एक चाक द्या.

ब्रिटनमधली तीनचाकी गाडी लोमॅक्स २२३ बघा. सिट्रोएन २सीव्ही या फ्रेंच गाडीचं ६०२ सीसीचं इंजिन आणि पुढची दोन चाकं तशीच ठेवून मागे एकच चाक. नावाचा हिशेबही मजेशीर: २ सिलिंडर, २ सीट, ३ चाकं.

एकटं चाक मागेच का, तर कारण सोपं आहे. ब्रेक लावत वळलं की वजन पुढच्या बाहेरच्या चाकाकडे झुकतं. तिथे चाकच नसेल तर गाडी कलंडायला वेळ लागत नाही. म्हणून सीटसुद्धा जमेल तितक्या पुढे आणि खाली घ्या. मागे डिकी, स्टेपनी वगैरे लाड नकोत. हँडब्रेककडेही लक्ष द्या. तो मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकवर चालतो आणि आता ड्रम एकच उरणार, त्यामुळे चढावर उभी करून आधी तपासा. आणि खड्डा दोन चाकांच्या मधून काढायची सवय मोडा, मागचं चाक बरोबर त्यातच जाणार.

रस्त्यावर आणायचं मात्र अवघड. मोटार वाहन कायदा १९८८, गाडीतल्या फेरबदलांबद्दलचं कलम ५२ वाचा. कापाकापीच्या आधी आरटीओत विचारून या. शेतात, खासगी ट्रॅकवर फिरवणार असाल तर बिनधास्त लागा कामाला. मागचं चाक धरणाऱ्या आर्मचे फोटो टाका, वेल्डिंग बघायचंय.