रोल सोडताना: जुनी डिजिटल बॉडी की नवी? (अनुभव धागा)

काचमोजणी:
जुन्या लेन्सांची पेटी कपाटातून बाहेर निघाली की हा प्रश्न ठरलेलाच. रोलचा (फिल्मचा) कॅमेरा सोडून डिजिटलवर येताना दहा-पंधरा वर्षं जुनी डीएसएलआर (आत आरसा असलेली डिजिटल बॉडी) घ्यायची की सरळ नवी मिररलेस (आरसा नसलेली)? मेगापिक्सेलवर भांडणं पुष्कळ होतात, पण रोलवरून येणाऱ्याची अडचण वेगळी असते: हातातल्या लेन्स पुढे चालणार का, आणि चालल्या तर कितपत. म्हणून सुरुवात माउंटपासून, म्हणजे लेन्स बॉडीला जिथे बसते त्या कड्यापासून.

निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून तोच आहे. "सगळं सगळ्यावर बसतं" म्हणतात ते बहुतांशी खरं, पण बसतं म्हणजे चालतंच असं नाही. एएफ-डी (जुन्या ऑटोफोकस) लेन्सला फोकसची मोटर बॉडीत लागते. डी४०, डी६०, डी३००० आणि डी५००० मालिकेत ती नाही, त्यामुळे तिथे हातानेच फोकस. डी९०, डी७०००, डी३००, डी७०० मध्ये ती आहे. मॅन्युअल एआय लेन्स (१९७७ पासूनची, अ‍ॅपर्चर म्हणजे उजेडाचं भोक किती ते बॉडीला कळवणारी) लावली तर डी९० चं उजेड मोजणारं मीटर बंद पडतं. डी७०००, डी३००, डी७०० चं चालतं. मेनूत नॉन-सीपीयू लेन्स डेटा उघडून फोकल लेंग्थ आणि सर्वात मोठं अ‍ॅपर्चर भरायचं, बस्स.

१९७७ च्या आधीच्या, एआय न करून घेतलेल्या लेन्स मात्र बहुतेक बॉडींवर फिरवूच नका. माउंटच्या कडेची छोटी खिट्टी मोडते. गंमत अशी की सगळ्यात साध्या डी४० वर ती खिट्टीच नाही, त्यामुळे तिथे त्या बिनधास्त बसतात. मीटर मिळत नाही एवढंच.

बाकीच्यांनी आपापल्या माउंटचं लिहा.

तिपाई:
कॅननवाल्यांसाठी थोडक्यात. १९८७ नंतरच्या ईएफ लेन्स सगळ्या ईओएस डीएसएलआरवर ऑटोफोकससकट चालतात, डोकं लावायची गरज नाही. दुसऱ्या कंपन्यांच्या फिल्मच्या काळातल्या काही ईएफ लेन्स मात्र डिजिटलवर अ‍ॅपर्चर बंद करायच्या क्षणी एरर ९९ देतात. घेण्याआधी एफ/८ ला एक फोटो काढून बघा. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला सगळं ठीक दिसतं आणि माणूस फसतो.

एफडीवाल्यांनी (ईएफच्या आधीच्या कॅनन मॅन्युअल लेन्स) डीएसएलआर विसरा. एफडीचं फ्लँज अंतर (माउंटपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं) ४२ मिमी, ईएफचं ४४. दोन मिमी कुठून आणणार? मधे काच असलेला अ‍ॅडाप्टर घेतला तर इन्फिनिटी (अगदी दूरचा फोकस) मिळते, पण चांगल्या लेन्सची माती होते. तुम्हाला मिररलेसच.

हिरवंबटण:
पेन्टॅक्सची आठवण कोणालाच नाही 😀 के माउंट १९७५ पासूनचा. ए लेन्स (अ‍ॅपर्चर बॉडीतून लावता येणारी) असेल तर रिंग ए वर ठेवा आणि विसरा. एम लेन्ससाठी (त्याआधीची, रिंगवर ए नसलेली): मेनूत अ‍ॅपर्चर रिंग वापरायला परवानगी द्या, मोड एम (मॅन्युअल) वर, रिंगवर हवं ते अ‍ॅपर्चर, मग हिरवं बटण. कॅमेरा क्षणभर पाती मिटून उजेड मोजतो आणि शटर लावून देतो. उजेड बदलला की पुन्हा दाबा. बॉडीतलं स्टॅबिलायझेशनही (सेन्सर हलवून हाताची थरथर सावरणं) जुन्या लेन्सला लागू होतं, फक्त बॉडी चालू करताना फोकल लेंग्थ विचारते तेव्हा खरी सांगा. ५० च्या जागी १३५ भरलं तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलतो आणि उलट फोटोच हलतो. फुल फ्रेम (फिल्मएवढा सेन्सर) हवा असेल तर के-१, २०१६ ची.

उजेडवेडी:
माउंट झालं, आता व्ह्यूफाइंडर. हे कोणी आधी सांगत नाही आणि मग लोक "जुनी ५० एफ/१.४ डिजिटलवर मऊ येते" म्हणून रडतात. लेन्स मऊ नसते, फोकस चुकलेला असतो.

निकॉनच्या फिल्मवाल्या एफएम२ चं मॅग्निफिकेशन (व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र किती मोठं दिसतं ते) ०.८६. डी४० चं कागदावर ०.८०, पण ते १.५ क्रॉपवर (फिल्मपेक्षा दीडपट लहान सेन्सरवर) मोजलेलं. भागून बघा, ०.५३ येतं. त्यात पेंटाप्रिझमऐवजी आरसे, म्हणजे अंधारही जास्त. शिवाय स्प्लिट प्रिझम (फोकस चुकला की रेघ दुभंगून दाखवणारा मधला गोल) नाही. ऑटोफोकस बॉडीच्या फोकसिंग स्क्रीन मंद झूमवरही उजळ दिसाव्यात म्हणून बनवलेल्या असतात. त्यात साधारण एफ/२.८ पेक्षा उथळ डेप्थ डोळ्याला दिसतच नाही. एफ/१.४ ला सगळं शार्प वाटतं आणि फोटोत नाकाचा शेंडा फोकसमध्ये, डोळे नाहीत. कॅनन ५डी सारख्या बॉडीत स्क्रीन बदलता येते, मॅन्युअल फोकससाठीची वेगळी मिळते. ती लावली की मेनूत स्क्रीनचा प्रकारही बदला, नाहीतर मीटर चुकतं.

मॅन्युअल लेन्स जास्त असतील तर माझं मत सरळ मिररलेस. पीकिंगवर फार विसंबू नका, ते कॉन्ट्रास्टच्या कडा रंगवतं, नेमका फोकस दाखवत नाही. दहापट मोठं करून बघायचं बटण अंगठ्याखाली लावून घ्या.

रविवारचा_रोल:
+१. आणि क्रॉप बॉडीवर ५० ची ७५ होते, २८ ची ४२ होते हेही लिहा कोणीतरी. वाइडवाल्यांनी क्रॉप बॉडी घेऊन नंतर गळा काढू नये.

तिपाई:
लिहिलं की तुम्हीच 😄

गॅसवर_दूध:
दूध उतू जायच्या आत लिहिते. मिररलेस घेताय तर अ‍ॅडाप्टरवर कंजुषी नको. स्वस्त अ‍ॅडाप्टर मुद्दाम किंचित पातळ ठेवतात, म्हणजे इन्फिनिटी नक्की मिळावी. परिणाम: रिंग इन्फिनिटीच्या पुढे जाते आणि लेन्सवरचे अंतराचे आकडे खोटे पडतात. आतून चकचकीत असेल तर उजेडासमोर फोटो धुरकट येतो. बसवल्यावर लेन्स हलकेच पिळून बघा, खेळ नको. मेनूत "लेन्सशिवाय शटर" चालू करा, नाहीतर बॉडी फोटोच काढत नाही आणि आपल्याला वाटतं बिघडली.

दूध गेलं.

रविवारचा_रोल:
श्रद्धांजली. ओटा गार व्हायच्या आत पुसा, करपलं की निघत नाही.

डार्करूमवाला:
लेन्सवर एवढं लिहिलंत, पण रोलवाल्याची खरी सवय मोडते ती एक्स्पोजरची. निगेटिव्हवर आपण सावलीला मोजतो, एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) जास्त गेला तरी प्रिंटमध्ये सावरता येतो. डिजिटल याच्या उलट, स्लाइडसारखं. उजळ भाग उडाला की तिथे काही उरतच नाही, रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) असो की जेपेग. म्हणून उजळ भागाला मोजा आणि सावली नंतर उचला.

इथे मात्र जुन्या-नव्यात खरा फरक आहे. जुन्या बॉडीत सावली दोन स्टॉप उचलली की रंगीत खडबड आणि पट्टे दिसायला लागतात; गेल्या दहा वर्षांतले बरेच सेन्सर तेवढं सहज सोसतात. जुनी घेतलीत तर हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारी बघा. एकच पांढरा हिस्टोग्राम असला की लाल फूल उडालेलं कळत नाही.

सीसीडी_भक्त:
पण जुन्या सीसीडी सेन्सरचे रंग ते रंगच!

डार्करूमवाला:
भाऊ, रंग बराचसा व्हाइट बॅलन्स, सेन्सरवरचे रंगीत फिल्टर आणि रॉ उघडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रोफाइलमधून येतो. सीसीडी की सीमॉस (सेन्सरचा नंतर रुळलेला प्रकार) यावर फार थोडं. आवडत असेल तर जरूर घ्या, पण आयएसओ ४०० पर्यंतच सुखी राहाल.

लायका एम९ च्या मागे असाल तर एक विचारा: सेन्सर बदललेला आहे का? २००९ च्या त्या मूळ सेन्सरवरची काच गंजते, एफ/१६ च्या फोटोत बारीक वलयं असलेले ठिपके दिसतात.

सीसीडी_भक्त:
🙏 डोळे उघडले. भक्ती कायम.

काचमोजणी:
वापरलेली बॉडी तपासायचं कोणीतरी नीट लिहा ना.

उजेडवेडी:
लेन्स एफ/१६ वर, फोकस मुद्दाम उडवून कोऱ्या आकाशाचा फोटो: धूळ दिसते. झाकण लावून ३० सेकंद, नॉइज रिडक्शन बंद: चमकणारे ठिपके मोजा. पाच-दहा चालतात, ओळच्या ओळ पेटली असेल तर सोडा. १/४००० ला भिंतीचा फोटो. एक कड काळी आली तर शटर थकलंय. रबर फुगलंय किंवा चिकट झालंय का, चार्ज केलेली बॅटरी रात्रभर टिकते का, पॉपअप फ्लॅश, सगळी बटणं. शटर काउंट (आजवर किती फोटो काढले तो आकडा) निकॉन-पेन्टॅक्समध्ये फोटोच्या एक्झिफमध्ये (फाइलमधल्या नोंदीत) मिळतो, कॅननमध्ये बहुतेकदा वेगळं सॉफ्टवेअर लागतं. डी७०० चं शटर दीड लाखासाठी चाचणी केलेलं, साध्या बॉडीचं बरंच कमी.

तिपाई:
कार्ड! २००६ च्या आधीच्या एसडी बॉडी, फर्मवेअर अपडेट आलं नसेल तर, २ जीबीपुढचं कार्ड ओळखत नाहीत. एसडीएचसीच्या (एसडीच्या पुढच्या प्रकाराच्या) काळातल्यांना ३२ जीबीपर्यंतचं द्या. सीएफ (जुन्या बॉडीतलं मोठं कार्ड) असेल तर कार्ड सरळ रेषेत घाला. आतली एक पिन वाकली की बॉडी दुरुस्तीला.

नवशिका_पण_म्हातारा:
जुना फ्लॅश लावला तर चालेल का?

हिरवंबटण:
काका, आधी मल्टिमीटर. फ्लॅश चालू करून मधली पिन आणि बाजूचा धातू यांच्यातलं व्होल्टेज मोजा. काही जुन्यांत २०० च्या वर निघतं, बॉडीचं सर्किट जळू शकतं. जास्त आलं तर साध्या वायरलेस ट्रिगरवरही लावू नका, त्यालाही मर्यादा असते. फिल्मचं टीटीएल (लेन्समधून आलेल्या उजेडावरून फ्लॅश ठरवणं) डिजिटलवर चालत नाही, कारण ते फिल्मवरून परतलेला उजेड मोजायचं. फ्लॅशवरच्या ऑटो मोडने किंवा मॅन्युअलने काम होतं.

नवशिका_पण_म्हातारा:
धन्यवाद. आणि १२ मेगापिक्सेलमध्ये मोठी प्रिंट येते का हो? ५डी बघतोय.

डार्करूमवाला:
४३६८ बाय २९१२. इंचाला ३०० ठिपके धरले तर साधारण १४.५ बाय ९.७ इंच. भिंतीवरची प्रिंट लांबून बघतात, २०० नेही भागतं. बाकी तिच्यात लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर थेट चित्र) नाही, सेन्सर स्वतः साफ करणं नाही, आयएसओ १६०० पर्यंत, वाढवून ३२००. हे चालणार असेल तर बॉडी उत्तम.

गॅसवर_दूध:
ओटा पुसून आले 😅 घरातले जुने निगेटिव्ह स्कॅन करायलाही तीच बॉडी चालते. १:१ मॅक्रो लेन्स (वस्तू सेन्सरवर मूळ आकारात आणणारी), एफ/८, आयएसओ १००, खाली ९५ च्या वर सीआरआय (रंग खरे दाखवण्याचं माप) असलेला पॅनेल लाइट. कॅमेरा समांतर आहे का बघायला निगेटिव्हच्या जागी आरसा ठेवा, लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्ये आलं पाहिजे. लाइव्ह व्ह्यू नसल्याने फोकस थोडा पुढेमागे करत चार-पाच फोटो काढा.

नवशिका_पण_म्हातारा:
बॅटरी काढली की तारीख पुसली जाते असं विकणारा म्हणतोय. बॉडी खराब समजू का?

तिपाई:
नाही हो. ५डी च्या बॅटरीच्या खणातच एक बटण सेल असतो, सीआर२०१६, तो बदला. ज्या बॉडींत तो आत बसवलेला आणि चार्ज होणारा असतो, त्यांत भरलेली मुख्य बॅटरी दोन दिवस घालून ठेवा, मग काढून बघा. त्यावरही तारीख गेली तर तो आतला सेल मेलाय. फोटोवर परिणाम शून्य, पण विकणाऱ्याला सांगून थोडं कमी करून घ्या.