परसात पाखरं यावीत म्हणून काय लावू?

वाईची रेवा
मेणवली रस्त्याला घर बांधलं. मागे जेमतेम अर्धा गुंठा उरलाय. बांधकामात जुना उंबर गेला, त्याची रुखरुख अजून जात नाही. उन्हाळ्यात तिथे तांबट पक्षी दिवसभर टुकटुक करायचा. आता नर्सरीतले पाम आणि क्रोटन आहेत. वर्षभरात त्यांवर एक पाखरू टेकलं नाही. ज्वारी टाकली तर नुसती कबुतरं. पुन्हा उंबरच लावू का?

पाटणकर दादा
ताई, ज्वारी आधी बंद करा. शिंजीर, शिंपी, तांबट ही पाखरं दाण्याकडे ढुंकून बघत नाहीत. उंबर एवढ्याशा जागेत नको, मुळं घराच्या पायात शिरतील. शेवगा लावा. पावसाच्या तोंडावर मनगटाएवढी फांदी खोचली की लागते, आणि फुलांवर शिंजीर येतातच. पुढे एखादी फांदी वाळली तर छाटू नका. तांबट अशाच मऊ, वाळक्या लाकडाला खालच्या अंगाने लिंबाएवढं भोक कोरतो आणि आत अंडी घालतो.

भिंतीलगत धायटी लावा. माळावरचं झुडूप, पाणी फार मागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये लालभडक होतं. कढीपत्ता सारखा खुडून बुटका ठेवू नका, फळू द्या. काळी फळं बुलबुल आणि कोकीळ सोडत नाहीत.

आणि एक कळकळीने सांगतो, फवारणी नको. ४ वर्षांपूर्वी माझ्या लिंबाची पानं अळ्यांनी खाल्ली म्हणून मी औषध मारलं. शेजारी भोकराच्या रोपावर शिंप्याचं घरटं होतं. दोन पानांच्या कडा जुळवून, चोचीने भोकं पाडून, कोळिष्टकाच्या धाग्याने शिवलेलं. आत सावरीचा कापूस. तिसऱ्या दिवशी तिन्ही पिल्लं गेली. आईबाप लिंबावरच्याच अळ्या भरवत होते. पंप त्याच दिवशी देऊन टाकला. लिंबू तर महिन्याभरात पुन्हा पालवलं.

ओढ्याकाठचा
दादांनी सगळं सांगितलंच. फक्त फुलपाखरांसाठी म्हणून कुणी घाणेरी सुचवली तर ऐकू नका. बुलबुल तिची फळं खातात खरी, पण बी डोंगरभर पसरतं आणि करवंदांना जागा राहत नाही. कुंपणाला करवंदच लावा.

वाईची रेवा
दादा, पिल्लांचं वाचून गलबलून आलं. मीही परवाच क्रोटनवर फवारा मारला होता, आता नाही मारणार. शेजारच्या काकूंकडे शेवगा आहे, मृगात फांदी मागून घेते. पाण्याचं परळ कुठे ठेवू? मांजरं फार आहेत इथे.

पाटणकर दादा
उघड्यावर ठेवा, झुडपापासून ५-६ फूट लांब, म्हणजे मांजराला दबा धरता येत नाही. परळ मातीचं, पसरट. पाणी दोन बोटं पुरे. मध्ये एक खडबडीत दगड ठेवा. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतात.