मदत हवी आहे : सिनेमात निवेदक कुठं शोधायचा?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत बी. ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. चित्रपट आणि मालिका गोष्ट कशी सांगतात, असा एक पेपर आहे आणि सोमवारी एका प्रसंगाचं विश्लेषण द्यायचंय. कथा-कादंबरीतला निवेदक प्रथमपुरुषी की सर्वज्ञ, हे बारावीपासून घोटून झालंय. पडद्यासमोर बसलं की मात्र गाडी अडते.

सूत्रधार आम्हा सांगलीकरांच्या चांगला ओळखीचा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा सूत्रधार पदं गाऊन गोष्ट पुढं न्यायचा आणि पात्रं आयत्या वेळी भाषणं करायची. गोष्ट कोण सांगतंय ते समोर दिसत होतं. सिनेमात त्याचं काम कोण करतं?

मी नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'तला (२०१३) डुक्कर पकडण्याचा प्रसंग घेतलाय. घरचे सगळे डुकरामागं पळतायत, इतक्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. सिनेमाचा नायक, शाळकरी जब्या, जागीच उभा राहतो, घरचेही थांबतात आणि डुक्कर निसटतं. निवेदनाचं एक वाक्य नाही, तरी केवढं सांगून होतं! पण हे लिहायचं कसं?

दुसरं, रोजच्या मालिकेला शेवटच नसतो, मग तिची रचना कशी मांडायची? आई बघते त्या मालिकेत प्रत्येक भाग कुणाच्या तरी चेहऱ्यावर थांबतो, एवढंच हाती लागलंय.

प्रतिसाद :

प्रसंग फार चांगला निवडलास. निवेदक म्हणून माणूस शोधू नकोस, त्याचं काम शोध : कुणाला, किती आणि कधी कळू द्यायचं. ते कॅमेरा, संकलन आणि ध्वनी मिळून करतात. तुझ्या प्रसंगात राष्ट्रगीत पार्श्वसंगीत म्हणून मागं लावलेलं नाही. ते पात्रांनाही ऐकू येतं, म्हणून तर ती थांबतात. नुसतं आपल्यालाच ऐकू आलं असतं तर ती दिग्दर्शकाची टिप्पणी ठरली असती. इथं ती घटना आहे. विश्लेषणाचा कणा हाच धर. एकदा आवाज बंद करून बघ, एकदा चित्र न बघता ऐक. कॅमेरा कुणापाशी आहे, किती लांब आहे, शॉट कुठं तुटतो ते टिपून घे. कथासार चार ओळींत उरक, बहुतेकांची पानं तिथंच वाया जातात.

समजा, मालिकेत सुनेपासून एक पत्र लपवलंय. ते कुणी लपवलं हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. सुनेला ते कधी कळणार यावर महिने निघतात. म्हणून भाग चेहऱ्यावर थांबतो : बातमी आपल्याला जुनी, ती ऐकणारा चेहरा नवा. तेव्हा शेवट शोधत बसू नकोस. एकच गुपित धर आणि ते आधी कुणाला कळलं, मग कुणाला, कोणत्या भागात, याचा तक्ता कर. रचना त्यातच सापडेल. जाहिरातीआधी प्रसंग कुठं तोडलाय, तेही त्यात मांड.