नेटशिवाय गावात बसवायचं फ्रेमवर्क: व्हील, डॉकर की डेब?

दारव्हा_सेन्सर: जमिनीतल्या ओलीचे आकडे गोळा करणारं आमचं पायथन फ्रेमवर्क ओपन सोर्स आहे. दारव्हा-आर्णीकडं शेतकरी गटांच्या जुन्या पीसींवर बसवायचंय. सगळीकडं डेबियन १२ (लिनक्स), रॅम ४ जीबी. नेट बेभरवशाचं, लाइन (वीज) कधीही जाते. नमपाय, पांडास या आकडेमोडीच्या लायब्ररी लागतात. पायपीआयवर (पायथन पॅकेजेसचं ऑनलाइन भांडार) टाकून भागेल, की डॉकर इमेज (सगळं सॉफ्टवेअर एकत्र बांधलेला गठ्ठा) पेनड्राइव्हवर न्यावी?

कापूसकोड: भाऊ, पायपीआयवर टाकाच, पण गावात व्हीलचं (बसवायला तयार पायथन पॅकेज) फोल्डर न्या. शुद्ध पायथनचं व्हील कुठंही चालतं. नमपाय-पांडासचं मात्र पायथनच्या आवृत्तीला अन् प्रोसेसरला बांधलेलं असतं. डेबियन १२ मध्ये पायथन ३.११ आहे, म्हणून तसल्याच मशीनवर गोळा करा. तेही पिपच्या (पायथन पॅकेज बसवायचं साधन) 'पिप डाउनलोड'नं नको, 'पिप व्हील'नं. एखाद्या लायब्ररीचं तयार व्हील नसलं की डाउनलोड नुसता सोर्स आणून ठेवतं. गावात तो बिल्ड होताना सेटअपटूल्स (बिल्डचं साधन) नेटवरून मागतो आणि तिथंच अडकतो. बसवताना पिपला नो-इंडेक्स (नेटवर शोधू नको) आणि फाइंड-लिंक्स (या फोल्डरमधून घे) हे पर्याय द्या.

डॉकर इथं नको. एक ओळ बदलली तरी 'डॉकर सेव्ह' इमेजचे सगळे लेयर (थर) पुन्हा एका फायलीत भरून देतं, आणि सेन्सरचा यूएसबी पोर्ट कंटेनरला (चालू असलेल्या इमेजला) वेगळा द्यावा लागतो.

मेहकर_लिनक्स: डेबियन १२ वर पिप सिस्टिमच्या पायथनमध्ये काही बसवू देत नाही, व्हेन्व (पायथनचं वेगळं फोल्डर) लागतंच. त्याचं पॅकेज वेगळं असतं, त्याच्या डेब फायली (डेबियनची पॅकेजं) अवलंबनांसकट (त्यांना लागणाऱ्या इतर पॅकेजांसकट) सोबत घ्या. तयार व्हेन्व कॉपी करून नेऊ नका: आत त्या मशीनचे पूर्ण पाथ लिहिलेले असतात, आणि फॅट३२ पेनड्राइव्हवर सिमलिंक (दुसऱ्या फायलीकडं बोट दाखवणाऱ्या फायली) टिकत नाहीत.

माझं मत मात्र फ्रेमवर्कचंच डेब करण्याकडं. डेबियनमधलं नमपाय १.२४ आणि पांडास १.५ चालत असेल तर अवलंबनं तिथूनच घ्या. लाइन येऊन पीसी सुरू झाला की डेबमधली सिस्टिमडी सर्व्हिस (मागं चालणारा प्रोग्राम) आपोआप सुरू होते, आणि बसवताना मध्येच लाइन गेली तर 'डीपीकेजी कॉन्फिगर' (अर्धवट बसलेली पॅकेजं पूर्ण करणारी कमांड) पुन्हा चालवून बहुतेक वेळा गाडी रुळावर येते.

दारव्हा_सेन्सर: दादा, पांडास २ शिवाय चालत नाही.

मेहकर_लिनक्स: मग व्हीलच. व्हेन्व 'ऑप्ट' फोल्डरखाली करा, सर्व्हिसमध्ये तिथल्याच पायथनचा पूर्ण पाथ लिहा. सर्व्हिसचा युजर 'डायलआउट' (सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या) गटात घाला, नाहीतर यूएसबी पोर्ट उघडताना परमिशन नाकारली जाते.