दिवाळीनंतर तळ्याकाठी बंगला: पवना की भंडारदरा? (आई सोबत आहे)

नीलमोहर

नमस्कार मंडळी. भाऊबीज आटोपली की आम्ही दोघी बहिणी आणि भाऊ, तिन्ही बिऱ्हाडं मिळून दोन रात्री बाहेर पडायचं म्हणतोय. एकूण अकरा डोकी. त्यात आई आहे, वय 74, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आणि भाच्यांची टोळी, ज्यांना फक्त वायफाय हवंय.

हॉटेलात चार खोल्या घेतल्या की जो तो दार लावून टीव्हीसमोर बसतो, म्हणून अख्खा बंगला घ्यायचाय. आईचं मागणं एकच: सकाळी उठल्यावर समोर पाणी दिसलं पाहिजे. मुलुंडला आमच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे ड्रेनेजचे पाइप दिसतात, तेव्हा मागणं रास्त आहे.

पवना आणि भंडारदरा ही दोन नावं पुढे आलीत. रात्रीला 15 हजारांच्या आत बसवायचंय, जेवण वेगळं. फोटो सगळेच छान आहेत आणि प्रत्येक जाहिरातीत 'लेक टच', म्हणजे तळ्याला लागून, असं लिहिलंय. नक्की काय बघून ठरवायचं? अनुभवी लोकांनी सांगावं.

घाटवाट

पवना जवळ आहे हे खरं, पण शनिवार-रविवार असेल तर नका जाऊ. काठाला तंबूवाले इतके झालेत की एकाचा स्पीकर थांबला की दुसऱ्याचा ऐकू येतो. तुंग, तिकोना, लोहगड आजूबाजूला, जागा देखणीच. पण आईंना घेऊन शांत बसायला नाही.

भंडारदऱ्याला माझं मत. फक्त एक लक्षात घ्या: तिथे बंगला निवडण्याआधी काठ निवडायचा. तळ्याला फेरी मारणारा रस्ता आहे. शेंडी हे धरणाजवळचं मुख्य गाव. तिथून एका अंगाने मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघर, दुसऱ्या अंगाने मुतखेल, कोलटेंभे करत रतनवाडी. पुढे साम्रदमार्गे दोन्ही बाजू जोडल्या जातात. पूर्ण फेरी 40 किलोमीटरच्या वर जाते. जाहिरातीत मात्र या सगळ्यालाच 'भंडारदरा' म्हणतात. म्हणजे तुमचा बंगला शेंडीच्या बाजारापासून पाच मिनिटांवरही असू शकतो, नाहीतर अंधारात, वळणावळणाच्या रस्त्याने तासभर आतही.

जवान पोरं असतील तर आत जावं, तिकडचं तळं जास्त सुंदर आहे. आई सोबत आहेत तर शेंडी किंवा फार तर मुरशेत. किराणा, मेडिकल, चहा, सगळं हाताशी. पाणी बघायला आत जाता येतंच की गाडीने.

वरणफळ

रुमाल टाकून ठेवतेय. आम्हालाही नाताळात जायचंय.

बिनसाखरेचा

पवन्याला उगाच बदनाम करू नका राव. मधल्या वारी गेलं तर तिथेही शुकशुकाट असतो आणि मुलुंडहून एक्सप्रेसवेने अर्धा दिवससुद्धा मोडत नाही. भंडारदऱ्याला कसारा घाटातच जीव जातो. ताई, तारखा कुठल्या वारी येतात ते आधी बघा.

नीलमोहर

शुक्रवार ते रविवारच जमतंय, भावाला सुट्टी नाही. म्हणजे पवना बाद. घाटवाट, काठाचं कुणीच सांगितलं नव्हतं, खरंच आभार. मी निवडलेल्यांतला एक चक्क रतनवाडीच्या पुढचा निघाला. कसारा घाटाचं काय मग? आईला गाडी लागते.

कसारा_लोकल

घाट आता टाळता येतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा तुकडा जून 2025 मध्ये खुला झाला. मुलुंडहून भिवंडीकडे या, आमण्याला चढा आणि थेट इगतपुरीला उतरा. मधे जवळपास 8 किलोमीटरचा बोगदा आहे, पोरं खूश होतील. टोल आहे, पण वळणं गेली हे आईंच्या दृष्टीने मोलाचं. दुचाकीला मात्र तिथे बंदी आहे, भाचेमंडळींपैकी कुणी बाइकचा हट्ट धरला तर आधीच सांगून ठेवा.

पुढे घोटी, आणि घोटीहून उजवीकडे वळून बारीमार्गे शेंडी, साधारण 35 किलोमीटर. या पट्ट्यात वळणं आहेत, तेव्हा गोळी घोटीच्या आधी द्या. पेट्रोल आणि रोख पैसे दोन्ही घोटीलाच. आत यूपीआय चालतं म्हणतात, पण त्याला रेंज लागते आणि रेंजचा तिथे लहरी कारभार.

गाडी नसलेल्यांसाठी: इगतपुरीला उतरून जीप ठरवता येते. अकरा माणसं आणि आजी म्हटल्यावर त्या फंदात पडू नका.

तिसरा_मजला

बंगला ठरवताना फोनवर काय विचारायचं ते मी लिहितो. आमच्याकडे आई-बाबा आणि सासूबाई असं ज्येष्ठ मंडळ सोबत असतं, त्यामुळे ही उलटतपासणी पाठ आहे.

पहिला प्रश्न खाटांचा. '12 जणांची सोय' याचा अर्थ बहुतेक ठिकाणी सहा डबलबेड नसतो. दोन बेडरूममध्ये दोन पलंग आणि बाकीच्यांना हॉलमध्ये खाली गाद्या. आपल्याला गाद्या चालतात, मजाही येते, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला जमिनीवरून उठवणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. 'पलंग किती, आणि त्यातले तळमजल्यावर किती' असं थेट विचारा. तळमजल्यावर पलंग, कमोड आणि जेवायची जागा, ही तिन्ही एकाच पातळीवर नसतील तर तो बंगला सोडा.

दुसरं, पायऱ्या. तळ्याकाठची जमीन उताराची असते. वरती रस्ता, मधे बंगला, खाली पाणी. गाडी जिथे लावता येते तिथून दारापर्यंत किती पायऱ्या आणि त्यांना कठडा आहे का? बऱ्याच ठिकाणी दगड मांडून पायऱ्या केलेल्या असतात, एक वीतभर तर पुढची गुडघ्याएवढी.

तिसरं, गरम पाणी. सोलर असेल तर ढगाळ दिवशी बोंब. इलेक्ट्रिक गीझर असेल तर लाइट गेल्यावर बोंब, कारण इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, गीझर नाही. गॅस गीझर असेल तर सिलेंडर आणि गीझर बाथरूमच्या आत आहे की बाहेर हे विचारा. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालू ठेवून आंघोळ करायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो. लहान मुलं एकटी आंघोळीला जातात म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

चौथं, पांघरुणं. दिवाळीनंतर तिथे रात्री चांगली थंडी पडते. 'ब्लँकेट आहेत' म्हणतात, पण अकरा आहेत का? आम्हाला एकदा रात्री दहा वाजता केअरटेकरने शेजारच्या बंगल्यावरून तीन आणून दिली होती, तोवर सासूबाई माझं जॅकेट घालून बसल्या होत्या.

आणि शेवटचं: 'आत्ता दारातून निघून पाण्यापर्यंत चालत जा आणि न थांबता एक व्हिडिओ काढून पाठवा' असं सांगा. फोटो पाठवायला सगळे तयार असतात, या व्हिडिओला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे 'लेक टच' नसतो. मधे दुसऱ्याचं शेत, तारेचं कुंपण, नाहीतर रस्ता असतो.

सांजवेळ

काजव्यांबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? भंडारदरा म्हणजे काजवे!

घाटवाट

सांजवेळ, ते मे अखेर ते जून, पहिल्या पावसाच्या आधी. दिवाळीत आकाशकंदील बघावे लागतील.

रानजाई

माझं माहेर अकोले तालुक्यातलं, आता विक्रोळीत. धागा वाचून राहवलं नाही.

दिवाळीनंतरचा काळ तुम्ही अगदी योग्य निवडलात. धरण ऑगस्टच्या सुमाराला भरतं आणि तेव्हा पाणी काठोकाठ असतं. हेच मे महिन्यात गेलात तर शेतीला पाणी सोडून सोडून तळं खोल गेलेलं असतं आणि 'लेक टच' बंगल्यासमोर तांबड्या चिखलाचं मैदान. फोटो कुठल्या महिन्यातला ते म्हणून बघायचं. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको, तुळशी-विहारची टक्केवारी जूनपासून रोज वाचता तुम्ही.

पाण्यात उतरायचं नाही, हे पोरांना निघण्याआधीच बजावा. हे धरणाचं पाणी आहे. काठ बुडालेल्या शेतांचा आणि उतारांचा, एक पाऊल घोट्याएवढं तर पुढचं थेट डोक्यावरून. शिवाय गाळ. बोटीत बसलात तर लाइफ जॅकेट मागून घ्या, आणि नसेल तर बसूच नका.

बघायचं म्हणाल तर आईंना रतनवाडीच्या अमृतेश्वराला न्या. गाडी गावापर्यंत जाते. शिलाहारांच्या काळातलं देऊळ आहे, कोरीवकाम असं की कळसापर्यंत नजर थांबत नाही. शेजारची पुष्करणी चुकवू नका, आतल्या बाजूने कोनाडे आणि त्यात मूर्ती. मागे रतनगड उभा, प्रवरा तिकडेच उगम पावते. खुद्द धरण 1926 साली पुरं झालं, विल्सन डॅम नाव पडलं ते त्या वेळच्या गव्हर्नरवरून. त्याच्या पायथ्याचा अंब्रेला धबधबा मात्र पाणी सोडलं असेल तरच दिसतो. शेंडीत चौकशी करा, नाहीतर नुसता खडक बघून याल. रंधा धबधब्याला कठड्यापाशीच थांबायचं. कळसूबाई 1646 मीटर, ती भावाने आणि भाच्यांनी पहाटे बारीतून चढावी. शिड्या आहेत, बाकीच्यांनी अंगणातून बघून हात जोडावेत.

आतला भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर वनखात्याची पावती फाडावी लागते. स्पीकर, फटाके, काहीही नेऊ नका. उरलेल्या दिवाळीचे फटाके पिशवीत भरून आणणारे लोक मी पाहिलेत.

जेवण गावातल्या बाईंकडून सांगा. बंगल्याच्या मेनूकार्डावरचं पनीर खायला तिथवर कशाला जायचं? सकाळी सांगितलं तर रात्री गावठी कोंबडी, तांदळाची नाहीतर नाचणीची भाकरी, ठेचा. आयत्या वेळी अकरा माणसांचं होत नाही, कारण कोंबडीही आधी पकडावी लागते. दिवाळीनंतर नवा तांदूळ निघतो, विचारून घरी घेऊन या. काळभात हा गावठी तांदूळ मिळाला तर सोडू नका. आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, त्यांनी असली गावठी बियाणी जपली म्हणून ती नावं आज शहरात माहीत आहेत.

कसारा_लोकल

रानजाई, भूक लागली हो ऑफिसात.

ठाणे_खाडी

पैशांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाने ऑनलाइन बघून बंगला बुक केला, 'दिवाळीची गर्दी आहे, पूर्ण पैसे आत्ताच भरा नाहीतर दुसऱ्याला देतो' म्हणून घाई केली. भरले. पोचल्यावर कळलं की त्या फोटोतला बंगला खरा आहे, पण मालकाला या बुकिंगची गंधवार्ता नाही. फोटो चोरलेले.

तेव्हा: नकाशावर बंगला शोधा आणि तिथे लोकांनी टाकलेले फोटो जाहिरातीशी जुळवा. यूपीआयवर पैसे पाठवताना जे नाव येतं ते मालकाने सांगितलेल्या नावाशी जुळतंय का बघा. पूर्ण रक्कम आगाऊ कधीच नाही, थोडी बयाणा म्हणून, बाकी किल्ली हातात आल्यावर. डिपॉझिट घेत असतील तर परत कधी आणि कशातून कापणार ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. फसवणूक झालीच तर लगेच 1930 ला फोन. सायबर फसवणुकीचा नंबर आहे, जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवून धरण्याची शक्यता जास्त.

बिनसाखरेचा

ठाणे_खाडीला अनुमोदन. आणि पोचल्या पोचल्या घराचा व्हिडिओ काढून ठेवा. आधीच फुटलेल्या काचेचे पैसे कापणारे महाभाग आहेत.

नीलमोहर

काय बोलू, एवढ्या माहितीवर प्रवासकंपनी काढता येईल! काल चार ठिकाणी फोन केले. दोघांनी व्हिडिओ 'उद्या पाठवतो' म्हटलं. एकाने पाठवला, मधे खरंच तारेचं कुंपण. चौथा शेंडीच्या अलीकडचा. पाणी अंगणातून दिसतं पण काठापर्यंत चालत पाच-सात मिनिटं. तळमजल्यावर दोन पलंग, कमोड आहे, गाडी दारात येते, चार पायऱ्या, कठडा नाही. भाऊ म्हणतो पाण्याला लागून नाही तर मजा काय. तुम्हाला काय वाटतं? आणि आईला बीपीची गोळी चालू आहे, दवाखान्याची काय सोय?

तिसरा_मजला

घ्या तोच. आईंना पाणी दिसायला हवंय, पाण्यात पाय सोडून बसायचं नाहीये. काठाला लागून नाही म्हणजे लहान मुलांवर सतत नजर ठेवायची कटकटही कमी. भावाला म्हणावं पाच मिनिटं चाल. चार पायऱ्यांना एका बाजूने तुम्ही, एका बाजूने काठी. अंगणात सकाळी बसायला हाताच्या खुर्च्या आहेत का तेवढं विचारा, प्लॅस्टिकच्या स्टुलावरून उठता येत नाही.

रानजाई

गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्या आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवा. किरकोळ काही असेल तर शेंडी-राजूरला बघतात. मोठं काही वाटलं तर मागे घोटीकडे यायचं, घोटीजवळ धामणगावला मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, नाहीतर सरळ नाशिक. म्हणूनही शेंडीच्या अलीकडचा बंगला बरा. भाच्यांना वायफायचं खरं काय ते आत्ताच सांगून टाका. पत्ते आणि कॅरम घ्या, आणि कॅरमची पावडर विसरू नका, तिथे मिळत नाही.