‘फ्लोरोसन्स’ला मराठीत काय म्हणावं? (संदर्भ: दातांची तपासणी)

प्रश्न : दातांच्या एका दवाखान्यासाठी पेशंटना द्यायचं मराठी पत्रक लिहिते आहे. तिथे जांभळट-निळ्या प्रकाशाचा, साधारण ४०५ नॅनोमीटरचा, कॅमेरा आहे. त्यात निरोगी दात हिरवट दिसतो, कीड लागू लागलेली जागा काळपट आणि किटण लालसर-नारिंगी. ‘फ्लोरोसन्स’ला मी ‘चमक’ लिहिलं होतं, ते डॉक्टरांनी खोडलं. ‘प्रतिदीप्ती’ लिहू का? लोकांना कळेल?

प्रतिसाद : खोडलं ते बरोबरच. घासलेलं भांडं चमकतं ते पडलेला उजेड परतवून. इथे दात निळा प्रकाश शोषून घेतो आणि त्याहून लांब तरंगलांबीचा, दुसऱ्याच रंगाचा प्रकाश स्वतः बाहेर टाकतो. हा प्रकाश मुख्यतः इनॅमलखालच्या (इनॅमल म्हणजे दाताचं बाहेरचं कडक कवच) डेंटिन या आतल्या थरातून येतो. कीड लागताना इनॅमलमधली खनिजं झिरपून जातात, ते सच्छिद्र होतं, प्रकाश तिथेच विखुरतो, म्हणून तेवढी जागा काळी. लाल रंग जिवाणूंनी तयार केलेल्या पॉर्फिरिन नावाच्या द्रव्याचा. म्हणजे काळं दिसतं तिथे दाताचा उजेड अडलाय आणि लाल दिसतं तो उजेड दाताचा नाहीच. ‘चमक’ या शब्दात हे काहीच येत नाही.

‘प्रतिदीप्ती’ शास्त्रीय लेखात चालेल. पण प्रतिबिंब, प्रतिध्वनी यांच्या सवयीने ‘प्रति’ ऐकलं की परत फिरणंच डोळ्यांपुढे येतं. ‘अंगचे गुण’ म्हणतो तसं ‘अंगचा उजेड’ म्हटलं तर?

दुसरा प्रतिसाद : ‘अंगचा उजेड’ फार आवडलं. मूळ शब्द ठेवलात तर पेशंट ‘फ्लोराइडची तपासणी का?’ असं विचारणारच. दोन्ही शब्द एकाच खनिजावरून आले आहेत, फ्लोरस्पार. शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्सने १८५२ मध्ये त्यावरून ‘फ्लोरोसन्स’ हे नाव पाडलं. या तपासणीत फ्लोराइडचा काही संबंध नाही.

आणि कृपा करून प्लाकला, म्हणजे दातांवर साचणाऱ्या जिवाणूंच्या थराला, किटण म्हणू नका. किटण म्हणजे चढून घट्ट बसलेलं, खरवडल्याशिवाय न निघणारं. ते टार्टरला, म्हणजे कडक झालेल्या थराला शोभतं. प्लाक मऊ, चिकट, ब्रशने निघणारा. ‘चिकट थर’ म्हणा. हा फरक पुसला गेला, तर घरी ब्रशने जाणाऱ्या थरासाठी माणूस दवाखान्याची वाट बघत बसेल. शिवाय ताजा थर सहसा लाल दिसतच नाही, साचून जुना झालेला दिसतो. तेव्हा ‘लाल नाही म्हणजे दात स्वच्छ’ असा अर्थ निघेल असं वाक्य नको.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. वाक्य असं केलं आहे : ‘निळ्या प्रकाशात निरोगी दात अंगच्या उजेडाने हिरवट दिसतो. साचलेला चिकट थर आणि किटण लालसर दिसू शकतं. काळपट जागा कीड असेल किंवा नुसता डाग, ते डॉक्टर तपासून सांगतील.’